लिनक्सवाले असतात तरी किती?

मागच्या महिन्यात एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता. कागदपत्रं स्कॅन करून ठेवली होती, फोटो हव्या त्या मापाचा केला होता. संबंधित संस्थेचं संकेतस्थळ उघडलं आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरांत सूचना आली : ‘तुमची ऑपरेटिंग सिस्टीम इथे चालत नाही. कृपया विंडोजवरून प्रयत्न करा.’ माझ्या घरच्या संगणकावर गेली आठ-नऊ वर्षं लिनक्स आहे. मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी सौजन्यानं विचारलं, ‘‘सर, पण लिनक्सवाले असतात तरी किती?’’

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की आपल्याला ते ठाऊक नाही. मग शोधायला बसलो. चार ठिकाणी चार आकडे मिळाले. एक दोन टक्क्यांचा, एक चारचा, एक पंधराचा. हाच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारला तर उत्तर शंभर टक्क्यांवर जातं. गंमत म्हणजे यातला कुठलाही आकडा कुणी मनानं ठोकून दिलेला नाही. प्रत्येक आकड्यामागे मोजणी आहे. फक्त प्रत्येकानं काहीतरी वेगळंच मोजलं आहे.

पावती नाही, नोंदही नाही

संगणक सुरू केल्यावर त्याचे सगळे भाग एकमेकांशी जुळवून देणारी मूळ यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज आणि मॅक या त्यातल्या विकत मिळणाऱ्या किंवा यंत्राबरोबर येणाऱ्या. दुसऱ्या बाजूला आहेत मुक्त प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं छंद म्हणून लिहिलेला गाभा लोकांपुढे ठेवला. या दोन्हींच्या संयोगातून आज उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशी शेकडो रूपं तयार झाली आहेत. त्यांनाच आपण सरसकट लिनक्स म्हणतो.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यानं तिथे सतत खुलासे करावे लागतात. मराठीत ती अडचण नाही. ही प्रणाली बहुधा मोफत मिळते, पण तिचं खरं वैशिष्ट्य ती मुक्त असणं हे आहे. कुणीही ती घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. कुणाची परवानगी लागत नाही.

मोजणीची अडचण नेमकी इथेच सुरू होते. विंडोजची प्रत विकली जाते, तिला परवान्याचा क्रमांक असतो, ती संगणकावर बसली की कंपनीला कळतं. लिनक्सला पावती नाही आणि परवाना-क्रमांकही नाही. एखाद्या शिक्षकानं ती एकदा उतरवून घेतली आणि त्याच पेन ड्राइव्हवरून प्रयोगशाळेतल्या चाळीस संगणकांवर चढवली, तर जगाच्या दृष्टीनं डाउनलोड एक आणि वापर चाळीस. उलट कुणी हौसेनं पाच प्रकार उतरवून बघितले आणि पाचही पुसून टाकले, तर डाउनलोड पाच आणि वापर शून्य. शिवाय ही डाउनलोड एकाच दुकानातून होत नाहीत. जगभरातल्या विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या सर्व्हरवर या प्रणालींच्या प्रती ठेवलेल्या असतात. प्रत्येकाचा हिशोब निराळा, आणि तो एकत्र करणारं कुणी नाही.

विक्रीचे आकडे धरावेत, तर आपल्याकडच्या बाजाराची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे. किंमत कमी दिसावी म्हणून लॅपटॉप ‘डॉस’ किंवा उबुंटूसह विकला जातो आणि घरी नेण्याआधीच ओळखीचा कुणीतरी त्यावर विंडोज चढवून देतो. खोक्यावर लिनक्स, आत विंडोज. दुसऱ्या बाजूला विंडोजसह घेतलेला लॅपटॉप दहा वर्षांनी रखडू लागला, की त्यावर लिनक्स बसवून त्याला पुन्हा चालता करणारेही आहेत. तिथे पावती विंडोजची आणि वापर लिनक्सचा.

गेटवरची वही

आज वर्तमानपत्रांत जे आकडे येतात, ते बहुतेक संकेतस्थळांवरच्या वर्दळीवरून काढलेले असतात. आपण एखादं पान उघडतो तेव्हा आपला ब्राउझर त्या संकेतस्थळाला स्वतःची ओळख सांगतो : मी अमुक ब्राउझर, तमुक प्रणालीवरून आलो आहे. सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहावं तसंच हे. ‘स्टॅटकाउंटर’ ही आयर्लंडमधली कंपनी पंधरा लाखांहून अधिक संकेतस्थळांवरच्या अशा नोंदी गोळा करते. तिच्या आकड्यांनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये जगातल्या टेबलावरच्या आणि मांडीवरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांवर गेला. भारतासाठीचा तिचा आकडा त्याच वर्षी १५ टक्क्यांच्याही वर दिसत होता.

पंधरा टक्के म्हणजे साधारण दर सात संगणकांत एक. आपल्या ओळखीतल्या सात घरांत एक तरी लिनक्सवाला दिसतो का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच असेल. मग ही वही काय सांगते आहे?

पहिली गोष्ट, वहीत माणसं मोजली जात नाहीत, फेऱ्या मोजल्या जातात. स्टॅटकाउंटरची टक्केवारी उघडलेल्या पानांची असते. दिवसभर संगणकापुढे बसून दोनशे पानं चाळणारा प्रोग्रामर आणि आठवड्यातून एकदा विजेचं बिल भरणारे आजोबा यांचं वजन तिथे सारखं नसतं. त्यात लिनक्स वापरणाऱ्यांत तंत्रज्ञांचं प्रमाण मोठं असणार, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट, वहीत लिहिलेलं नाव खरंच असतं असं नाही. आपल्या सगळ्यांच्या सवयीचंच उदाहरण घ्या. सरकारी संकेतस्थळ मोबाइलवर नीट उघडत नाही, बटण पडद्याबाहेर जातं. मग आपण क्रोमच्या मेनूत जाऊन ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करतो. त्या क्षणी अँड्रॉइड फोनवरचा क्रोम संकेतस्थळाला सांगतो, की मी लिनक्सच्या संगणकावरून आलो आहे. नुसती ही ओळख वाचणाऱ्या मोजणीत आपल्या हातातला फोन लिनक्सचा संगणक म्हणून धरला जाऊ शकतो. ज्या देशात कोट्यवधी लोकांचा एकमेव संगणक म्हणजे मोबाइल आहे आणि अर्जही त्यावरूनच भरले जातात, तिथे हा फरक किरकोळ राहत नाही. भारताच्या त्या पंधरा टक्क्यांत खरे संगणक किती आणि वेषांतर केलेले फोन किती, हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

तिसरी गोष्ट, वहीत नाव न लिहिता आत जाणारेही असतात. खासगीपणा जपणारे काही ब्राउझर खरी प्रणाली लपवून सरळ ‘विंडोज’ असं सांगतात. स्टॅटकाउंटरच्या तक्त्यात ‘अज्ञात’ असाही एक रकाना आहे, आणि २०२४ मध्ये तो कित्येक महिने लिनक्सच्या रकान्यापेक्षा मोठा होता. ज्या मोजणीत ‘माहीत नाही’चा वाटा मोजल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा जास्त आहे, तिथे अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या चढउतारावर आनंदोत्सव करायचा की दुखवटा पाळायचा?

असे धक्के पूर्वीही बसले आहेत. ‘नेट अॅप्लिकेशन्स’ ही कंपनी अनेक वर्षं असेच आकडे देत असे. २०२० च्या वसंतात तिच्या तक्त्यात लिनक्सचा वाटा महिन्याभरात १.४ टक्क्यांच्या आसपास होता तो जवळपास २.९ टक्के झाला. एका महिन्यात जगातले लिनक्स वापरणारे दुप्पट झाले, असं कुणी मानेल का? त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनं ही मोजणी थांबवली. ब्राउझरच्या ओळखीत होऊ घातलेल्या बदलांमुळे आमची पद्धत यापुढे चालणार नाही, असं तिनं सांगितलं. मोजणाऱ्यानंच वही मिटली.

हात वर करा!

मग लोकांनाच विचारलं तर? हा प्रयत्न फार जुना आहे. नॉर्वेच्या हॅराल्ड आल्वेस्ट्रँड यांनी १९९३ मध्ये ‘लिनक्स काउंटर’ सुरू केला. लिनक्स वापरत असाल तर येऊन नाव नोंदवा, तुम्हाला एक क्रमांक मिळेल. पुष्कळ लोक तो क्रमांक आपल्या पत्राखाली मिरवत असत. पण नोंद न करणारे किती, हे कोण सांगणार? आणि ज्यांनी नोंद केली, पण नंतर लिनक्स सोडलं, त्यांची नावं कोण खोडणार? पुढे हा उपक्रम बंद पडला.

डेबियन ही प्रणाली बसवताना आजही एक प्रश्न विचारला जातो : कोणती सॉफ्टवेअर वापरता ही माहिती पाठवायची का? उत्तर आधीपासून ‘नाही’वर ठेवलेलं असतं. मुद्दाम ‘हो’ म्हणणाऱ्या संगणकांची संख्या दोन लाखांच्या आसपास आहे, आणि डेबियनचा खरा वापर त्याच्या किती तरी पट असणार हे उघड आहे. उबुंटूनं २०१८ मध्ये हाच प्रश्न ठळकपणे समोर ठेवला, तेव्हा सुमारे ६७ टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे प्रश्न कसा विचारला, यावरच उत्तर देणाऱ्यांची संख्या ठरते.

वैद्यकीय संशोधनात हा दोष सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सहा वाजता बागेत फिरायला आलेल्यांना ‘तुम्ही व्यायाम करता का’ असं विचारून शहराचं आरोग्य ठरवता येत नाही. जो स्वतःहून हात वर करतो, तो हात खाली ठेवणाऱ्यासारखा नसतो.

‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या दुकानाची पाहणी दर महिन्याला होते. तिथे प्रश्न काही निवडक ग्राहकांनाच विचारला जातो आणि उत्तर देणं ऐच्छिक असतं. २०१८ मध्ये या दुकानाच्या मालकांनी कबूल केलं, की काही महिने आशियातल्या सायबर कॅफेंमधले संगणक गरजेपेक्षा जास्त वेळा मोजले गेले होते. एकाच यंत्रावर दिवसभरात वेगवेगळी मुलं येऊन बसत आणि तेच यंत्र पुन्हा पुन्हा मोजलं जाई. त्या संगणकांवर अर्थातच विंडोज होतं. त्यामुळे लिनक्सचा वाटा घसरलेला दिसला. प्रत्यक्षात लिनक्स वापरणाऱ्या एकाही माणसानं काही सोडलं नव्हतं. टक्केवारीत वरचा आकडा तसाच राहिला, तरी खालचा बदलला की सगळं चित्र पालटतं.

पट्ट्यांशिवायचे वाघ

जंगलातले वाघ कसे मोजतात? ठिकठिकाणी कॅमेरे लावतात आणि फोटोत आलेल्या वाघाचे पट्टे पाहतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे तोच वाघ दुसऱ्यांदा आला तर ओळखता येतो. किती वाघ पुन्हा पुन्हा दिसले यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. मोजणीचं सारं गणित त्या ओळखीवर उभं आहे.

संगणकालाही पट्टे रंगवता येतील. प्रत्येक यंत्राला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्यानं रोज हजेरी लावायची. मोजणी अचूक होईल. पण मग तुमचा संगणक केव्हा, कुठून चालू झाला याचा मागही कुणाला तरी काढता येईल. अनेक जण मुक्त प्रणालीकडे आलेले असतात ते नेमकं हेच टाळण्यासाठी.

फेडोरा या प्रणालीच्या मंडळींना हा पेच प्रत्यक्ष सोडवावा लागला. अद्ययावत सॉफ्टवेअर घ्यायला येणाऱ्या संगणकांचे आयपी पत्ते ते मोजत. पण एखाद्या महाविद्यालयातले दोनशे संगणक एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, ते एकच दिसत. आणि घर, कचेरी, कॉफीचं दुकान असा फिरणारा एकच लॅपटॉप तीन दिसे. २०१९ च्या सुरुवातीला प्रत्येक यंत्राला स्वतंत्र क्रमांक देण्याची सूचना पुढे आली आणि खासगीपणाच्या मुद्द्यावर तिला विरोध झाला. चर्चेतून जो मार्ग निघाला तो साधा आहे. संगणक अद्ययावत सॉफ्टवेअरची चौकशी करायला जातोच. त्यातल्या एखाद्या चौकशीला, आठवड्यातून फक्त एकदा, तो ‘मला मोजा’ अशी खूण जोडतो. सोबत १ ते ४ पैकी एक आकडा असतो : प्रणाली बसवून पहिला आठवडा आहे, पहिला महिना आहे, सहा महिन्यांच्या आत आहे, की त्याहून जुनी आहे. नाव नाही, क्रमांक नाही. आठवड्याच्या खुणा मोजल्या की यंत्रांची संख्या मिळते. चाचणीपुरती बसवून टाकून दिलेली यंत्रं पहिल्याच गटात राहत असल्यानं तीही बाजूला काढता येतात.

हे उत्तर परिपूर्ण नाही. इंटरनेटला न जोडलेला संगणक यातही सुटतो. पण कुणाला न ओळखताही बऱ्यापैकी मोजता येतं, एवढं यातून दिसलं.

वापरणारा म्हणजे कोण?

समजा, यंत्रं अचूक मोजली. तरी माणसं मोजली गेली का? केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत बऱ्याच वर्षांपासून मुक्त प्रणालीवर शिकवलं जातं. २०१९ मध्ये तिथे अशा संगणकांची संख्या दोन लाखांवर सांगितली जात होती. एका संगणकावर आळीपाळीनं किती मुलं बसतात याचा विचार केला, तर दोन लाख यंत्रं म्हणजे किती ‘वापरणारे’? तमिळनाडूनं विद्यार्थ्यांना मोफत वाटलेल्या लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ ही ‘सी-डॅक’नं तयार केलेली भारतीय लिनक्स प्रणाली होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या या संस्थेचं काम लाखो मुलांच्या घरी पोहोचलं खरं, पण त्यातल्या किती जणांनी संगणक सुरू करताना विंडोजऐवजी ‘बॉस’ निवडलं?

आणि आपल्या खिशातल्या फोनचं काय? अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. चालू अँड्रॉइड उपकरणं ३०० कोटींहून अधिक आहेत, असं गुगलनं २०२१ मध्येच सांगितलं होतं. घरातला वाय-फाय राउटर बहुधा लिनक्सवर चालतो. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत; सुरुवातीला म्हटलेले शंभर टक्के ते हेच. हवामानाचा अंदाज ज्यांच्यावर गणला जातो ते महासंगणकही याच कुळातले. मंगळावर एप्रिल २०२१ मध्ये उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होतं. तेव्हा ‘मी लिनक्स कधी पाहिलंही नाही’ म्हणणारा माणूस ते दिवसभर वापरत असतो. आणि तरीही मदत-क्रमांकावरच्या त्या मुलीच्या प्रश्नाला हे उत्तर चालणार नाही, कारण तिनं विचारलं होतं टेबलावरच्या संगणकांबद्दल.

आकड्यानं काय अडतं?

नसेना का नेमका आकडा, असं वाटू शकतं. पण निर्णय आकड्यांवर होतात. संकेतस्थळ बनवणारा ठेकेदार म्हणतो, दोन टक्क्यांसाठी कशाला वेगळी चाचणी घ्यायची? प्रिंटर बनवणारी कंपनी तेच म्हणते. चाचणी होत नाही म्हणून वापर अडखळतो, अडखळतो म्हणून लोक मागे फिरतात, आणि मग आकडा लहानच राहतो. शिवाय दोन टक्के हा शब्द लहान वाटतो. एखाद्या सेवेचे एक कोटी ग्राहक असतील, तर दोन टक्के म्हणजे दोन लाख माणसं.

सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा एका अभियंत्यानं पुरवला म्हणून तो सापडला. बहुतेक प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोहोचलेला नव्हता, म्हणून निभावलं. पण अशा वेळी धोक्यात आलेली यंत्रं नेमकी किती आणि कुठे, याची यादी कुणाकडे नसते. साथ आली आहे आणि गावाची लोकसंख्या माहीत नाही, अशी ती अवस्था.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. नवी आवृत्ती न झेपणारे जुने संगणक भंगारात काढायचे, तसेच धोका पत्करून चालवायचे, की त्यांवर लिनक्स चढवायचं, हा निर्णय आपल्याकडच्या शाळा, ग्रंथालयं आणि लहान कचेऱ्या आता घेत आहेत. ‘ते कुणी वापरत नाही’ हे वाक्य अशा वेळी पैशांत मोजावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी असा आकडा वाचलात, तर चार प्रश्न विचारा. कशाचे टक्के : माणसांचे, यंत्रांचे, की उघडलेल्या पानांचे? कुणाला मोजलं आणि कोण सुटलं? ओळख कुणी सांगितली आणि ती खोटी असू शकते का? आणि एकाच पद्धतीनं मोजलेले आकडे वर्षानुवर्षं कुठे चालले आहेत? एकेका महिन्याच्या उडीपेक्षा या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जास्त भरवशाचं असतं. अमेरिकेत सरकारी संकेतस्थळांवर येणारे लोक कोणत्या प्रणालीवरून येतात, याची आकडेवारी सर्वांसाठी खुली आहे. आपल्याकडच्या सेवांनीही अशी माहिती नियमित जाहीर केली, तर निदान आपल्या दारात कोण येतं एवढं तरी कळेल.

माझ्या अर्जाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. संध्याकाळी भाची आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि हसून म्हणाली, ‘‘मामा, एवढंच ना?’’ ब्राउझरच्या एका सेटिंगमध्ये तिनं प्रणालीच्या नावापुढे ‘विंडोज’ असं टाकलं. पान पुन्हा उघडलं. लाल सूचना गेली, अर्ज भरला गेला, पोचही मिळाली. संगणक तोच, लिनक्सही तेच.

त्या संस्थेच्या वहीत मात्र त्या दिवशी विंडोजवाला एक वाढला. उद्या तिथल्या कुणी साहेबांनी विचारलं, की आपल्याकडे लिनक्सवरून अर्ज किती येतात, तर उत्तर मिळेल : एकही नाही.